कडा चिरलेले पापड

चैत्र संपत आला की माझ्या बोटांना उडदाच्या पिठाचा वास येऊ लागतो. खरं तर या बोटांनी आयुष्यात एक धड पापड लाटलेला नाही, तेव्हा त्यांना हा मान कोणी दिला कोण जाणे. पण येतो. यंदा तर तो मला आमच्या ठाण्यातल्या बाळकुमच्या कॉम्प्लेक्सच्या लिफ्टमध्येच भेटला. कुठल्या तरी मजल्यावर कुणीतरी पिठात हिंग आणि पापडखार घातला होता आणि तो वास लिफ्टमधून वर-खाली फिरत होता. माझा मजला आला, दार उघडलं, मी तशीच उभी राहिले आणि दार मिटून पुन्हा खाली पोचले. वॉचमनने काही राहिलं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

आम्ही तेव्हा कोपरीत राहायचो, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, तीन मजल्यांच्या एका इमारतीत, गच्चीच्या बरोबर खाली. आमच्या परीक्षा संपल्या की पापड सुरू व्हायचे. माझी आई, समोरच्या विमलकाकू, तळमजल्यावरच्या शिर्केकाकू आणि आणखी दोघीतिघी आमच्या पुढच्या खोलीत गोल करून बसायच्या. प्रत्येकीने आपापलं पोळपाट-लाटणं आणायचं आणि काम संपलं की आपापलं उचलून न्यायचं. दुसरीच्या पोळपाटावर हात बसत नाही असं सगळ्यांचं ठाम मत होतं, आणि पोळपाट मागे ठेवून जाणं म्हणजे चप्पल मागे ठेवून जाण्यासारखं. पंखा बंद असायचा, कारण वाऱ्याने लाट्या सुकतात. कुटून कुटून मऊ झालेल्या पिठाची लांब वळी करायची, ती दोऱ्याने कापायची, लाट्यांवर ओलं फडकं टाकायचं, आणि मग घामाच्या धारा आणि लाटण्यांचा आवाज. पोरांना तेलात बुडवलेली एकेक लाटी मिळायची. कच्ची, तिखट, जिभेला चिकटणारी. तिच्यानंतर पाणी पिऊ नकोस म्हणून आई ओरडायची आणि आम्ही नेमकं पाणी प्यायचो.

मला पहिल्यांदा लाटायला बसवलं तेव्हा माझा पापड असा झाला की शिर्केकाकूंनी त्यात भारताचा नकाशा शोधला. खाली श्रीलंकासुद्धा निघाली. विमलकाकू हसून हसून भिंतीला टेकल्या. मी रडवेली झाले, तर आई म्हणाली, हिच्या हातात पुस्तक द्या, ही वाचून दाखवील. अशी माझी बढती झाली. त्या खोलीत हातपंख्याने वारा घ्यायची परवानगी फक्त मला होती, कारण वाचणाऱ्या माणसाला घेरी येऊन चालत नाही.

वाचनाचा एकच नियम होता: वाचणारीने पुस्तक आधी वाचायचं नाही. हा नियम माझ्यामुळेच पडला. पहिल्या वर्षी मी रात्री गुपचूप पुढची पानं वाचली आणि दुसऱ्या दिवशी नायिकेच्या सासऱ्याला नुसता ताप आला तेव्हाच माझा गळा भरून आला. शिर्केकाकू लाटता लाटता म्हणाल्या, म्हणजे गेला म्हातारा. तेव्हापासून पुस्तक कोरं यायचं. लायब्ररीतून आणायचं, पिशवीत ठेवायचं, आणि सगळ्या बसल्या की पहिलं पान उघडायचं. काय निघेल ते सगळ्यांनी मिळून बघायचं.

आणि पुस्तक चांगलं की वाईट हे त्या बायका तोंडाने सांगत नसत, लाटणी सांगायची. मजकूर रंगला की हात मंद व्हायचे, मग थांबायचे, फडक्याखालच्या लाट्या सुकायच्या आणि पापडांच्या कडा चिरायच्या. पुढे पावसात वरणभाताशी पापड भाजला की बाबा तो उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, हा त्या खुनाच्या खटल्याचा दिसतोय, कड बघा किती फाटलीय. गुळगुळीत, गोल, एकसारखा पापड आला की म्हणायचे, हे पुस्तक काही जमलेलं नव्हतं. आमच्या घरात पुस्तकांची परीक्षा अशी डब्यात वर्षभर पुरायची. तोंडी निकाल एकच ठरलेला होता आणि तो विमलकाकू द्यायच्या. पुस्तक अगदीच वाया गेलं की त्या लाटणं पुसत म्हणायच्या, "भाषा चांगली आहे." मला आजही कुणी एखाद्या लेखकाबद्दल हे वाक्य म्हटलं की त्या लेखकाची कणव येते.

आता कोपरीतली ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. आई डोंबिवलीला माझ्या भावाकडे राहते, विमलकाकू कल्याणला मुलाकडे, शिर्केकाकू कोपरीतच पण भाड्याच्या घरात. तिघीच उरल्यात, तिघीही ऐंशीच्या आसपास. भाऊ-वहिनी आईचं सगळं नीट करतात, तक्रारीला जागा नाही. पण आई बोलायची थांबली होती. विचारलं की उत्तर द्यायची, हो, नाही, जेवले, बरी आहे. आधी फोन केला की मला ठेवायला मिळायचा नाही; आता मी बोलत राहायचे आणि पलीकडून घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. लिफ्टमधल्या त्या वासाच्या संध्याकाळी मी तिला फोन केला आणि पापडांचं काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, "यंदा विकतचे आणलेत. बरे असतात." तिच्या तोंडून विकतच्या पापडाला बरं म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली. सरळच सांगते, मला वाटलं आई हळूहळू चाललीय आणि आम्ही सगळे तिची तब्येत उत्तम आहे असं एकमेकांना सांगतोय.

मग मी अंगात आल्यासारखी कामाला लागले. सुट्टी टाकली. दोघी काकूंना फोन केले. आईला सांगितलं की पापड माझ्याकडे, बाळकुमला, आणि तू राहायला येते आहेस. ती म्हणाली, बघू. माझ्याजवळ तिला खेचायला एकच आमिष होतं, पुस्तक. आणि पुस्तक कुठलं याचा मला विचारही करावा लागला नाही.

गेलं वर्षभर एका आत्मचरित्राचा नुसता गजर चालला होता. फार मोठ्या सरकारी पदावरून निवृत्त झालेल्या एका बाईंचं. आमच्या ऑफिसात ते ज्याच्या त्याच्या टेबलावर. व्हॉट्सअॅपच्या प्रत्येक ग्रुपवर कुणीतरी ते वाचून हादरलेलं, कुणीतरी रात्रभर न झोपलेलं. प्रत्येक घरात असायलाच हवं, असं तर मी इतक्यांदा वाचलं की आमच्या घरात नाही याची लाज वाटू लागली. डोंबिवलीच्या लायब्ररीत त्यासाठी नंबर लागलेले. आणि वर गंमत अशी की बाई मूळच्या कोपरीच्या. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या म्हणे. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण विमलकाकूंनी फोनवर लगेच ओळखलं. दोन वेण्या, सरळ भांग, नळावर पुस्तक घेऊन उभी राहायची. विमलकाकू सगळ्यांनाच अशा ओळखतात. मी पुस्तक विकत आणलं आणि नियमाप्रमाणे न उघडता पिशवीत ठेवलं.

ठरलेल्या सकाळी भाऊ आईला सोडून गेला. ती पोळपाट-लाटणं जुन्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आली होती, एवढंच मला पुरेसं वाटलं. विमलकाकू कल्याणहून एसटीने खोपटला उतरून रिक्षाने आल्या आणि येताच ठाण्याच्या रहदारीवर बोलू लागल्या. शिर्केकाकू गावाकडून आलेली काळी मिरी घेऊन आल्या. ती भरडून आदल्या संध्याकाळी मी भिजवलेल्या पिठात घातली आणि आम्ही ते पाट्यावर घेऊन वरवंट्याने कुटू लागलो, तर खालून इंटरकॉम आला, मॅडम, घरात तोडफोड चालू आहे का, परवानगी घेतलीय का. माझ्या नवऱ्याने फोनवर शांतपणे पापड हा शब्द तीनदा उच्चारला. गच्ची आमच्या सोसायटीत कुलपात असते, म्हणून हॉलभर सतरंज्या आणि त्यांवर धुवट सुती साड्या अंथरल्या. नवरा त्यानंतर दोन दिवस भिंतीला पाठ लावून घरात फिरत होता.

पंखा बंद केला, फडकं टाकलं, आणि मी पुस्तक उघडलं.

पहिल्या काही पानांत मला वाटलं, माझाच आवाज बसलाय. मग वाटलं, अजून सुरुवात आहे. इतक्या लोकांना आवडलेलं पुस्तक आपल्याला आवडेना की आधी आपण स्वतःलाच चिमटे काढतो. बाईंनी कष्ट केले होते यात शंका नव्हती. पण जिथे त्या रडल्या असतील तिथे त्यांनी 'ते दिवस कठीण होते' असं लिहिलं होतं आणि जिथे हसल्या असतील तिथे 'ते दिवस अविस्मरणीय होते'. मग त्या दिवसांत काय झालं ते मात्र नाही. त्यांच्या घरात कोणी भांडत नव्हतं, कोणी घोरत नव्हतं, कोणाचं दूध उतू जात नव्हतं. बदल्या होत होत्या, सत्कार होत होते, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आयुष्य त्यांना काहीतरी शिकवून जात होतं.

आणि लाटणी चालली होती. अशी चालली होती की मी वाचता वाचता घाबरून बघत होते. मंद होणं नाही, थांबणं नाही, एक लय धरून तिघी लाटत होत्या आणि गोल, गुळगुळीत, एकसारखे पापड साड्यांवर पडत होते. शिर्केकाकूंनी मध्येच विचारलं, "ही बाई जेवते कधी गो? एवढं जाड पुस्तक, एकदा ताटावर बसली नाही." तेवढंच. आई मान खाली घालून लाटत होती. दुपारच्या जेवणाआधी सगळं पीठ संपलं. आमच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. विमलकाकूंनी लाटणं पुसलं, माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाल्या, "भाषा चांगली आहे हो."

जेवून आई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मी हॉलमध्ये त्या देखण्या पापडांकडे बघत बसले. एकाचीही कड चिरलेली नव्हती. एवढा घाट घातला, तिघींना तीन दिशांनी आणलं, आणि मीच असं पुस्तक आणलं की जे ऐकताना आईला एकदाही मान वर करावीशी वाटली नाही. मला त्या लेखिकेचा राग आला, हादरलेल्या सगळ्या लोकांचा राग आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या आशेचा.

तरी दुसऱ्या दिवसासाठी पीठ भिजवलं. दोघी काकू राहायलाच थांबल्या होत्या. सकाळी मी दुसरं पुस्तक काढू लागले तर शिर्केकाकू नको म्हणाल्या. कोपरी अजून यायचीय ना, तेवढी वाच, मग बघू. बाईंनी बालपण मधल्या एका प्रकरणात घातलं होतं. मी ते उघडलं, घसा साफ केला आणि वाचलं: ठाण्याला पूर्वेकडे एका छोट्याशा घरात आमचं साधंसं बालपण गेलं. पुढच्याच वाक्यात त्या दिल्लीला पोचल्या.

एक लाटणं थांबलं. आईचं.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"एवढंच? आणि खाडीचं वारं?"

कोपरीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दुपार कलली की खाडीवरून वारं सुटायचं, मिठागरांवरून यायचं म्हणून ओठांवर खारट लागायचं, आणि त्याच्यासमोर काही टिकायचं नाही. दोऱ्यांवरचे कपडे शेजारच्या इमारतीत सापडायचे. आईने लाटणं बाजूला ठेवलं आणि विचारलं की पापड उडाले ते वर्ष आठवतं का. शिर्केकाकूंनी ताबडतोब आपलंही लाटणं ठेवलं. ते वर्ष कोण विसरेल.

उडदाच्या पापडाला कडक ऊन चालत नाही. सावलीत वाळवायचे आणि शेवटी जरा वेळ गच्चीवर नेऊन ऊन दाखवायचं, साडीच्या चारी टोकांना दगड ठेवून. त्या दुपारी मी त्या खुनाच्या खटल्याचा शेवट वाचत होते. न्यायाधीश निकालाचा कागद उलगडत होते, खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. निकाल लागला, आरोपी सुटला, आणि तेवढ्यात खालून कुणीतरी हाका मारू लागलं. धावत गच्चीवर गेलो तर रिकामी साडी एका दगडाला धरून फडफडत होती. एका हंगामाचे पापड सगळ्या कोपरीवर गेले होते. कौलांवर, तुळशीच्या कुंड्यांत, उभ्या स्कूटरवर, वाण्याच्या ताडपत्रीवर. मी गल्लीगल्लीतून परडी घेऊन पळत होते आणि माणसं दारातून हाक मारत होती, ए, तुमचा एक इथे आलाय. कुणी ताटातून आणून दिले, कुणी वर्तमानपत्रातून. दुसऱ्या इमारतींचेही उडालेले होते, त्यामुळे गेले त्याहून जास्त परत आले. विमलकाकू मिऱ्याचे दाणे बघून आमचे कुठले, परक्यांचे कुठले ते ओळखायला बसल्या आणि शेवटी त्यांनीही नाद सोडला. धुळीचे पापड डब्यात काय भरायचे म्हणून सगळे झटकून, पुसून संध्याकाळी गच्चीवर कढई चढवली. आणून देणाऱ्या सगळ्यांना बोलावलं. मूठभर मिरच्या, दही, आणि परातीतून तळलेले पापड. शहाण्या माणसांनी डोक्याला हात लावला असता. मी तर आयुष्यात तेवढी मोठी पार्टी पुन्हा पाहिलेली नाही.

हे सगळं आई सांगत होती. मध्येच शिर्केकाकू, मध्येच विमलकाकू, तपशिलावरून वाद, वाण्याची ताडपत्री निळी की खाकी यावर तर चांगलाच. फडक्याखालच्या लाट्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं आणि मला ते दिसत नव्हतं. मग आई एकदम थांबली. पदराने तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला आवाज आला होता."

कसला, विमलकाकूंनी विचारलं.

"वर पापड सरकल्याचा. सळसळ झाली ना, सुक्या पानांसारखी. मला कळलं होतं."

"आणि उठली नाहीस?" शिर्केकाकूंचा आवाज चढला. "माझे पण होते गो त्यात. मी आठ दिवस रडलेय."

"निकाल राहिला होता ना," आई म्हणाली.

मग विमलकाकूंच्या पोटातून पहिलं हसू निघालं, शिर्केकाकू रागावायचा प्रयत्न करता करता हसल्या, आणि आई. आई तर अशी हसली की तिला धरावं लागलं. डोळ्यांतून पाणी, खोकला, पुन्हा हसू. इतकी वर्षं हे गुपित तिने पोटात ठेवलं होतं आणि ते बाहेर आलं ते कुठल्या थोर वाक्याने नाही, एका कोरड्या, पोकळ ओळीने. नवरा भिंतीला पाठ लावून बाहेर डोकावला आणि तसाच आत गेला. मी कुठल्याही पुस्तकाने इतकी सुखावलेली नाही जितकी त्या फसलेल्या पुस्तकापुढे त्या क्षणी सुखावले.

विचार करते तेव्हा वाटतं, चांगली पुस्तकं आम्हाला गप्प करायची. त्यांत सगळं असायचं, आम्ही फक्त ऐकायचो. या पुस्तकात एवढी जागा मोकळी होती की तीन म्हाताऱ्या पोळपाटांसकट आत जाऊन बसल्या. मी हे बोलून दाखवलं तर आईने फार लक्ष दिलं नाही. तिच्या डोक्यात वेगळंच होतं. ती म्हणाली, कोण जाणे, एखादा पापड त्या मुलीच्याही दारात पडला असेल, आली असेल ती गच्चीवर खायला. मग एवढ्या मोठ्या पुस्तकात लिहिलं का नाही, विमलकाकू फणकारल्या. आईने पुस्तकावरच्या त्या बाईंच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. पिकलेले केस, नीट पिन केलेला पदर, कुणाशीही न बोलणारे ओठ.

"बिचारी," ती म्हणाली. "लिहिताना मध्ये अडवायला कुणी नसेल तिच्याजवळ."

त्यानंतर माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्या बाई एका मोठ्या टेबलाशी एकट्याच बसलेल्या दिसल्या, आणि एकही शिर्केकाकू मध्ये येऊन विचारत नव्हती की तू जेवतेस कधी.

लाट्या अर्थातच सुकल्या होत्या. तेलाचा हात लावून पुन्हा मळल्या, तरी त्या दिवसाच्या प्रत्येक पापडाची कड चिरली. संध्याकाळपर्यंत तिघी लाटत होत्या आणि बोलत होत्या. माझा घसा पूर्ण मोकळा, मला कुणी विचारतच नव्हतं. अर्धवट वाळलेले पापड वाकू नयेत म्हणून एकावर एक रचून वर वजन ठेवतात. आईने इकडेतिकडे पाहिलं, ते पुस्तक उचललं, तेल लागू नये म्हणून स्वच्छ फडक्यात नीट गुंडाळलं, आणि रचलेल्या पापडांवर ठेवलं. पुस्तक वजनाने उत्तम होतं. पापड एकदम सरळ राहिले.

भाऊ आईला न्यायला आला तेव्हा ती त्याला जिन्यापाशीच ताडपत्रीचा रंग विचारत होती. तो तेव्हा बालवाडीत होता, त्याला काय आठवणार. तरी तो खाकी म्हणाला आणि आईने विमलकाकूंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी तिचं पोळपाट-लाटणं धुऊन, पुसून, तिच्याच टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात दिलं. तिने ते घेतलं, पुन्हा आत आली, आणि माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कप्प्यात, माझ्या पोळपाटाच्या मागे, सरकवून ठेवलं.

"पुस्तक निवडताना फार चोखंदळपणा करू नकोस," ती चपला घालता घालता म्हणाली. "चांगलं आणलंस तर आम्हाला गप्प बसावं लागेल."

भाऊ म्हणाला, आई, पोळपाट राहिलं तुझं. ती म्हणाली, "राहू दे तिथंच," आणि लिफ्टचं बटण दाबलं.